ज्युदोचं पदक आणि त्यामागचं दप्तर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ज्युदोवर दोन पानं दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांत डाव-पेचांबद्दल विचारणारे थोडेच निघाले. बहुतेकांची विचारणा पदक मिळाल्यानंतरच्या गोष्टींची होती: त्याची किंमत किती, ते कुठे चालतं, कुठे चालत नाही. निवडक पत्रं छाटून देत आहोत. नावं मुद्दाम गाळली आहेत.

मुलीला राज्य शालेय स्पर्धेत 17 वर्षांखालील गटात कांस्य मिळालं. घरी आलेले पाहुणे म्हणतात, "कांस्य दोघींना कसं काय? वाटूनच टाकतात की काय?" मुलगी हिरमुसली आहे. त्यांना काय सांगू?
– एक आई, जुळे सोलापूर

ज्युदोत प्रत्येक वजनगटात एक सुवर्ण, एक रौप्य आणि दोन कांस्य असतात. ऑलिंपिकमध्येही तसंच आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघींना रेपेचाजमधून, म्हणजे हरलेल्यांच्या वेगळ्या फेरीतून, परत यायची संधी मिळते. ड्रॉच्या एकेका अर्ध्या भागातल्या दोन हरलेल्या आपसात खेळतात. त्यांतली विजेती दुसऱ्या अर्ध्या भागातून उपांत्य फेरीत हरून आलेलीशी लढते. या दोन लढती जिंकणाऱ्या दोघी कांस्याच्या मानकरी.

आता 32 जणींचा ड्रॉ धरा. सुवर्णवालीच्या पाच लढती, पाचही जिंकलेल्या. रौप्यवालीच्या पाच, चार जिंकल्या आणि एक हरली. उपांत्य फेरीत हरून कांस्य घेणारीच्याही पाच, चार जिंकल्या, एक हरली. रेपेचाजमधून येणारीचंही तेच: दोन जिंकल्या, तिसरी हरली, पुढच्या दोन जिंकल्या. म्हणजे रौप्य आणि दोन्ही कांस्यांमागचा हिशेब सारखाच आहे. फरक इतकाच की रौप्यवाली शेवटची लढत हरून मॅटवरून उतरते आणि कांस्यवाली जिंकून. पाहुण्यांपुढे चहा ठेवता ठेवता एवढं सांगितलं तरी पुरे.

मात्र एक गोष्ट तुमच्यापुरती लक्षात ठेवा. गटात चौघीच असतील तर एकही लढत न जिंकता कांस्य हाती येऊ शकतं. तालुका-जिल्हा पातळीवर असं सर्रास होतं, आणि प्रमाणपत्रावरून ते कळत नाही. म्हणून मुलीच्या गटाचा ड्रॉ-शीट, म्हणजे लढतींचा तक्ता, मिळवून ठेवा. तिनं खरंच चार जिंकल्या असतील तर त्याचा पुरावा तोच. पुढे तो आणखी कुठे कामाला येतो, ते पुढच्या पत्रात पाहा.

भावाची राष्ट्रीय पातळीवरची दोन पदकं आहेत. गावानं मिरवणूक काढली, शाल-श्रीफळं मिळाली, कपाटात ट्रॉफ्यांना जागा नाही. पण खेळाडूंच्या राखीव जागेसाठी केलेला नोकरीचा अर्ज बाद झाला. कारण लिहिलंय, "पडताळणी अहवाल नाही". प्रमाणपत्र तर मूळ आहे, मग अहवाल कसला?
– एक वाचक, पंढरपूर

हे पत्र प्रातिनिधिक म्हणून छापतो आहोत. याच अर्थाची आणखी बरीच पत्रं आली आहेत.

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. त्याचा मुख्य आधार 1 जुलै 2016 चा शासन निर्णय, आणि त्यात नंतर दुरुस्त्या झाल्या आहेत. या आरक्षणात मूळ प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. ते प्रमाणपत्र खरं आहे का, ती स्पर्धा आणि तो खेळ शासनाच्या यादीत बसतात का, आणि त्या पदकावर कोणत्या गटाच्या पदासाठी अर्ज करता येतो, हे तपासून क्रीडा खातं जो कागद देतं तो पडताळणी अहवाल. सोलापूर जिल्ह्यासाठी हे काम क्रीडा व युवक सेवेच्या पुणे विभागाच्या उपसंचालकांकडे केलं जातं. पद जितकं वरचं तितकी स्पर्धा वरची लागते. कमाल वयात 5 वर्षांची सवलत मिळते, पण तीही या अहवालावरच.

घोटाळा होतो तो वेळेचा. जाहिरात आली की मुलं आधी नोकरीचा अर्ज भरतात आणि मग पडताळणीच्या मागे लागतात. पडताळणीत स्पर्धेच्या आयोजक संघटनेकडून खातरजमा होते, त्याला वेळ लागतो. तोवर अर्जाची मुदत संपलेली असते. पडताळणी ही जाहिरातीची वाट पाहत करायची गोष्ट नव्हे. पदक मिळालं की त्याच वर्षी प्रस्ताव टाका. एकदा अहवाल हातात आला की पुढच्या प्रत्येक भरतीत तो जोडता येतो.

दुसरं कारण नावाचं. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नावच नाही. सोलापुरात त्यात आणखी भर. घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलांची आडनावं इंग्रजीत लिहिताना शाळा एक स्पेलिंग करते आणि संघटना दुसरं. ट्रेनर मोबाइलवर प्रवेशिका भरतो, कानाला जसं लागेल तसं लिहितो. प्रवेशिका भरताना त्याच्या शेजारी उभं राहून दहावीचं प्रमाणपत्र समोर धरा आणि अक्षरं जुळवा. त्याआधीच्या वयाच्या मुलांसाठी शाळेचा दाखला धरा. नंतर दुरुस्ती करून घ्यायची म्हणजे राष्ट्रीय संघटनेचं पत्र आणायचं, आणि तोवर तिथले पदाधिकारीही बदललेले असू शकतात.

तिसरं कारण सगळ्यांत जास्त दुखणारं. पदक खरं, लढती खऱ्या, घाम खरा, पण स्पर्धाच ग्राह्य नाही. "ऑल इंडिया", "नॅशनल", "इंटरनॅशनल ओपन" असे शब्द बॅनरवर कुणीही छापू शकतो. पाहायचं ते असं: ज्युदोची राष्ट्रीय संघटना म्हणजे ज्युदो फेडरेशन ऑफ इंडिया. तिच्या किंवा तिच्याशी संलग्न राज्य संघटनेच्या अधिकृत स्पर्धा, शालेय खेळ महासंघाच्या शालेय स्पर्धा आणि भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा, ही मुख्य वाट. विद्यापीठाच्या मुलांसाठी ती आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाच्या संघातून सुरू होते. प्रवेश फी भरायच्या आधी परिपत्रक मागा आणि त्यावर आयोजकाची संलग्नता कुणाशी आहे ते वाचा. संघटनांची मान्यता मध्येच जाते, पुन्हा मिळते, वाद कोर्टात जातात. म्हणून स्पर्धेच्या तारखेला मान्यता होती का, हेच विचारा. आज ती आहे की नाही, याचा त्या प्रमाणपत्राशी संबंध नाही.

आता प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच, हॉल सोडायच्या आधी, एवढं तपासा. पूर्ण नाव, जन्मतारीख, वयोगट (सब-ज्युनिअर, कॅडेट, ज्युनिअर की सीनिअर), वजनगट किलोत, स्थान, स्पर्धेचं पूर्ण नाव, ठिकाण, तारखा, अनुक्रमांक आणि सही. अनेकदा स्थानाच्या जागी नुसतं "सहभाग" असतं, कारण छापील गठ्ठ्यातला चुकीचा कागद भरलेला असतो. सचिवांची सही राहिलेली असते आणि "पोस्टानं पाठवू" असं सांगितलं जातं. पाठवत नाहीत. टेबलासमोर उभं राहायचं. गाडी चुकली तर चुकू द्या, सोलापूरला येणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत.

मग एक फाइल. मूळ प्रमाणपत्र (लॅमिनेट करू नका, सहीची शाई आणि शिक्का तपासणं अवघड होतं), ड्रॉ-शीट, त्या दिवसाचं निकाल-पत्रक, ओळखपत्र, निवड चाचणीचं आणि राज्य संघात निवड झाल्याचं पत्र, प्रवेशिकेची प्रत. वर्तमानपत्रातलं कात्रण हौसेनं लावा, पण पुरावा म्हणून त्याला किंमत नाही. कपाटातल्या ट्रॉफ्यांनाही नाही, हे लिहिताना वाईट वाटतं, पण आहे ते असं आहे.

तुमच्या भावाचं अजून गेलेलं नाही. दोन्ही पदकांचे प्रस्ताव आजच वेगवेगळे करा, म्हणजे एक अडकलं तरी दुसरं चालत राहील. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी फाइल दाखवून घ्या. काय कमी आहे ते तिथेच कळतं आणि पुण्याची एक खेप वाचते.

याच संदर्भात दहावी-बारावीच्या पालकांसाठी दोन ओळी. क्रीडा सवलतीचे गुण कामगिरीच्या पातळीनुसार मिळतात, आणि तो प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे आणि तिथून बोर्डाकडे जातो. मुदत परीक्षेच्या काळातच येऊन ठेपते, आणि नेमकं तेव्हा घरात कुणाचं लक्ष नसतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेहून परत आलात की शाळेच्या क्लार्कला भेटायचं, एवढी खूणगाठ बांधा.

वय 17, वजन साडेबासष्ट. पंधरा दिवसांनी निवड चाचणी आहे. सगळे म्हणतात 60 किलोत खेळ, तिथे पदक नक्की. मित्रांनी प्लॅस्टिकचा सूट घालून पळायला सांगितलंय. एकानं "पाण्याची गोळी" देतो म्हटलंय. काय करू?
– एक खेळाडू, बार्शी

गोळी घेऊ नकोस. हे पहिलं, आणि यात चर्चा नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ फ्युरोसेमाइड, उत्तेजकांच्या जागतिक बंदी यादीत आहेत. त्या ताकद वाढवतात म्हणून नव्हे, तर वजन झटकन उतरवतात आणि दुसऱ्या द्रव्यांच्या खुणा पुसट करतात म्हणून. स्पर्धा असो नसो, बारा महिने बंदी. सापडलास तर साधारण दोन ते चार वर्षं घरी, आणि मिळवलेलं पदकही परत. सर्दी-खोकल्याचं औषध घेतानासुद्धा डॉक्टरांना "मी खेळाडू आहे" असं आधी सांगत जा. काही सर्दीच्या गोळ्यांतलं स्युडोएफेड्रिन स्पर्धेच्या दिवशी अडचणीत आणतं.

आता प्लॅस्टिक. घाम अंगावर वाळतो तेव्हा शरीर थंड होतं. प्लॅस्टिकच्या आत तो वाळतच नाही. म्हणजे पाणी जातं आणि गारवा मात्र मिळत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तिथे हा उद्योग थेट उष्माघाताकडे नेतो. पाणी कमी झालं की रक्त दाटतं, हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त ठोके मारावे लागतात. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल अशाच पद्धतीनं वजन उतरवताना महिनाभरात दगावले. त्यानंतर तिथले वजनाचे नियम बदलावे लागले.

मरण्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी ज्युदोत त्याचा तोटा पहिल्या लढतीत दिसतो. आधी जाते ती पकड. बाही धरलेली बोटं दोन मिनिटांत ढिली पडतात, समोरचा ती सोडवतो, आणि मग तू नुसता बचाव करत राहतोस. बचाव केला की निष्क्रियतेचा शिदो, म्हणजे दंड. तीन शिदो झाले की लढत गेली. बघणाऱ्याला वाटतं तंत्र कमी पडलं. खरं तर पाणी कमी पडलेलं असतं.

तुझा हिशेब बघू. साडेबासष्टवरून साठ म्हणजे अडीच किलो, वजनाच्या 4 टक्के. सतरा वर्षांच्या, अजून उंची वाढणाऱ्या मुलाला हे करायला आम्ही सांगणार नाही. पुढचा गट 66 चा आहे. त्यात साडेतीन किलोची जागा आहे, ती वर्षभरात जेवून भरेल. साठमध्ये आज पदक मिळालं तरी पुढच्या वर्षी तो गट सोडावाच लागणार. मग 66 मध्ये एक वर्ष मागे का राहायचं? ट्रेनर ऐकत नसतील तर हा परिच्छेद त्यांना दाखव.

किलो-अर्ध्या किलोचाच प्रश्न असेल, तर गोष्ट वेगळी. दोन आठवडे भजी-वडापाव, साखरेचा चहा आणि फरसाण बंद. रोज सकाळी शौचाहून आल्यावर, एकाच काट्यावर वजन. शेवटचा दीड दिवस चोथ्याचं खाणं कमी: भाकरी, उसळी, कोशिंबिरीऐवजी मऊ भात, दही, अंडं, केळं. आतड्यातला चोथा कमी झाला की तेवढ्यानंच काही शे ग्रॅम उतरतात. पाणी चालूच ठेवायचं. लघवीचा रंग गडद चहासारखा दिसायला लागला की चुकतंय.

दुकानातल्या काट्यावर विसंबू नकोस, दोन काट्यांत तीन-चारशे ग्रॅमचा फरक सहज निघतो. स्पर्धेच्या ठिकाणी अधिकृत वजनाआधी चाचणीचा काटा ठेवलेला असतो, त्यावर आधी उभा राहा. आंतरराष्ट्रीय नियमांत कॅडेट-ज्युनिअर मुलांचं वजन अंतर्वस्त्रं घालूनच करतात आणि त्यासाठी 100 ग्रॅमची सूट असते. वजन आदल्या संध्याकाळी होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठी टाकून काहींना पुन्हा काट्यावर उभं करतात. तेव्हा गटाच्या मर्यादेपेक्षा 5 टक्क्यांहून जास्त भरलं तर बाद. साठच्या गटाला ती रेषा 63 किलोवर येते. रात्री भरपेट हाणून सकाळी बाद झालेले खेळाडू आहेत. शालेय आणि राज्य स्पर्धांत वजनाची वेळ आणि सूट परिपत्रकात पाहून घे, ती वेगळी असू शकते.

वजन दिल्यावर एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, घोट घोट. मग वरणभात, केळी, दही. आईनं डब्यात दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र शेवटच्या लढतीनंतर उघड. कोरडं, तेलकट आणि चोथ्याचं, तिन्ही एकत्र असलेलं त्याहून चविष्ट काही नाही, पण लढतींच्या मध्ये ते पोटात दगडासारखं बसतं.

मुलगा तालमीत पाच वर्षं कुस्ती खेळतोय. ज्युदोत गेला तर पदक लवकर मिळेल असं सांगतात. खरं का?
– एक वडील, सांगोला

लवकर मिळू शकतं, पण आधी काही सवयी मोडाव्या लागतील.

उपयोगी पडतं ते असं: ताकद, तोल, अंगाला अंग भिडवायची सवय. धोबीपछाड, ढाक आणि टांग यांची भावंडं ज्युदोत आहेत. फक्त मान किंवा दंड पकडण्याऐवजी कॉलर आणि बाही धरून ते करायचे. पाच वर्षं टांग मारलेला मुलगा उचिमाता, म्हणजे ज्युदोतली टांग, शिकायला वेळ घेत नाही.

अडचण पटाची. खाली वाकून पाय धरणं हे कुस्तीगिराचं पहिलं शस्त्र, आणि ज्युदोत उभ्या लढतीत कमरेच्या पट्ट्याखाली हात लावून हल्ला किंवा बचाव करायला 2013 पासून पूर्ण मनाई आहे. कलाजंगसुद्धा पायात हात घालून करता येत नाही. घाई झाली की हात आपोआप खाली जातो, कारण पाच वर्षांची सवय आहे. पहिले तीन महिने यावरच घालवा.

दुसरी सवय जास्त धोक्याची. चितपट होऊ नये म्हणून पैलवान डोक्यावर आणि टाचांवर पूल करतो. ज्युदोत फेकला गेल्यावर असा पूल केला तर तो पूर्ण गुण, इप्पॉन, समोरच्याला दिला जातो, म्हणजे लढत संपते. कारण मानेचं आहे. डोकं टेकवून पाठ वाचवणाऱ्यालाही शिक्षा आहे. मुलाला आधी पडायला शिकवा: हनुवटी छातीला, हात शरीराशी कोन करून मॅटवर आपटायचा, श्वास बाहेर. उकेमी म्हणतात त्याला. महिनाभर तो नुसताच पडत राहील आणि तुम्हाला वाटेल पैसे वाया गेले. वाटू द्या.

आणि पाठ टेकली की खेळ संपला, असं जमिनीवर नाही. दाबून धरावं लागतं: 20 सेकंदांना इप्पॉन, 10 ला वाझा-आरी, आणि 2025 पासून परत आलेल्या नियमानुसार 5 सेकंदांना युको, हा त्याहून लहान गुण. दोन वाझा-आरी म्हणजे इप्पॉन. कुस्तीतला मुलगा पाठ टेकवून हात सोडतो आणि पंचाकडे पाहतो. तेवढ्यात समोरचा निसटतो.

शाळेत भारतीय ज्युदोपटूंचा फलक लावायचा आहे. आंतरजालावर माहिती उलटसुलट आहे. खात्रीची नावं आणि मजकूर द्याल का?
– एक शिक्षिका, अक्कलकोट

देतो. फलकाच्या वरच्या पट्टीत: ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये जपानात कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, ज्युदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला 1964 च्या टोकिओत, महिलांसाठी पूर्ण स्पर्धा 1992 च्या बार्सिलोनापासून.

लिंथोई चनंबम, मणिपूर. 2022 मध्ये सारायेव्होतल्या जागतिक कॅडेट स्पर्धेत 57 किलो गटात सुवर्ण. कोणत्याही वयोगटाच्या जागतिक ज्युदो स्पर्धेतलं हे भारताचं पहिलं पदक.

शुशिला देवी लिकमाबम, तीही मणिपूरची. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांत 48 किलोत 2014 आणि 2022 अशी दोन रौप्यं, टोकिओ ऑलिंपिकमध्ये ज्युदोत भारताची एकटी प्रतिनिधी, 2022 चा अर्जुन पुरस्कार. टोकिओच्या नावात 2020 असलं तरी स्पर्धा 2021 मध्ये झाली. फलकांवर इथे हमखास गोंधळ दिसतो.

तुलिका मान, 78 किलोवरील गट. 2022 च्या राष्ट्रकुलात रौप्य, पॅरिस 2024 मध्ये सहभाग. त्याच राष्ट्रकुलात 60 किलोत विजयकुमार यादवचं कांस्य.

कपिल परमार, मध्य प्रदेशातल्या सिहोरचा. पॅरिस पॅरालिंपिक 2024, 60 किलो, जे-वन म्हणजे पूर्ण किंवा जवळपास पूर्ण अंधत्वाच्या गटात कांस्य. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक मिळून ज्युदोतलं हे भारताचं पहिलं पदक. ऑलिंपिकमध्ये ज्युदोचं पदक भारताला अजून मिळालेलं नाही, तेव्हा "ऑलिंपिक पदकविजेता" लिहू नका, "पॅरालिंपिक" लिहा. त्यानं त्याची उंची कमी होत नाही. मुलांना एक गोष्ट जरूर सांगा: अंध खेळाडूंच्या ज्युदोत लढत सुरू होताना दोघांनी एकमेकांची कॉलर आणि बाही आधीच धरलेली असते. पकडीसाठीची झटापट वगळली जाते, त्यामुळे फेक पहिल्याच सेकंदाला येऊ शकते.

खाली जागा उरली तर खाशाबा जाधवांना घ्या, खेळ कुस्तीचा असला तरी. कराडजवळच्या गोळेश्वरचे, 1952 ला हेलसिंकीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा जन्मदिवस 15 जानेवारी हा आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. 1984 मध्ये ते गेले आणि अर्जुन पुरस्कार 2000 साली मरणोत्तर मिळाला. फलक कुणाचे आणि कधी लावायचे, याचं उत्तर या दोन सालांत आहे.

गावातल्या मुलीला राष्ट्रीय पदक मिळालं. सत्कारासाठी वर्गणी चांगली जमली आहे. फ्लेक्स, मिरवणूक, डीजे असा बेत आहे. काही सुचवाल?
– एक मंडळ, मंगळवेढा तालुका

एक फ्लेक्स लावा. मुलीचा फोटो मोठा, पुढाऱ्यांचे लहान. तिचा वजनगट आणि पदक कोणत्या स्पर्धेतलं, हे त्यावर लिहा. बहुतेक फ्लेक्सांवर नेमकं तेच नसतं.

डीजेचे पैसे मॅटला घाला. ज्युदोची मॅट साधारण 1 मीटर बाय 2 मीटरची आणि 4 सेंटिमीटर जाडीची असते. 8 बाय 8 मीटरचा सरावाचा चौक करायला 32 लागतात. एकदम जमणार नसेल तर 6 बाय 6 साठी 18 घ्या, दोन जोड्या सराव करू शकतात. कोड्यासारख्या एकमेकांत अडकणाऱ्या स्वस्त फोमच्या मॅट घेऊ नका. फेकीच्या धक्क्यानं त्यांचे सांधे उघडतात, पायाचं बोट फटीत जातं आणि मोडतं. मॅट थेट फरशीवर टाकल्या तर सरकतात, म्हणून भोवती लाकडी चौकट ठोका. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात दुपारी सराव ठेवू नका.

सत्काराची तारीख ठरवताना मुलीला विचारा. पुढची स्पर्धा आठवड्यावर असेल तर पेढे, पुरणपोळी आणि रात्री अकरापर्यंतची भाषणं तिच्या वजनगटाला परवडणारी नसतात. आणि पाकिटात रोख दिलीत तर व्यासपीठावर आकडा पुकारू नका.

मुलीला यापुढे सरकारी मदत किती आणि कशावर मिळते?
– एक पालक, होटगी रोड

थोडक्यात. खेलो इंडियात निवड झाली तर वर्षाला 6 लाख 28 हजारांची तरतूद असते. त्यातले महिना 10 हजार खेळाडूच्या हातात, बाकी प्रशिक्षण, राहणं, खाणं यांवर. केंद्राच्या ऑलिंपिक पोडियम योजनेत मुख्य गटाला महिना 50 हजार आणि विकास गटाला 25 हजार. केंद्राची रोख बक्षिसं आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धांना 30, 20 आणि 10 लाख, ऑलिंपिकला 75, 50 आणि 30 लाख. अर्जुन पुरस्कारासोबत 15 लाख. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार वेगळा, त्याला अर्ज स्वतः करायचा असतो. तो घरी चालत येत नाही. रेल्वे, निमलष्करी दलं आणि पोलीस यांच्या खेळाडू भरतीत ज्युदो असतो. खेळ थांबल्यावर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम ही नोकरीची चांगली वाट आहे.

ज्युदोचा ड्रेस सोलापुरात शिवून घेतला तर चालेल का? गणवेशाचे कारखाने घरामागेच आहेत.
– एक विद्यार्थिनी, अशोक चौक

सरावाची पँट खुशाल शिवून घे, गुडघ्यावर दुहेरी कापड लाव. कोट मात्र तयारच घे. त्याचं कापड तांदळाच्या दाण्यासारख्या विणीचं आणि जाड असतं, कॉलरला अनेक शिवणी असतात. शाळेच्या गणवेशाच्या सुईनं ते नीट शिवलं जात नाही आणि खांद्यात उसवतं. सुती कोट पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतो, म्हणून एक माप मोठं घे आणि गार पाण्यातच धू.

स्पर्धेत तपासतात ते असं: हात समोर ताठ केल्यावर बाही मनगटापर्यंत यायला हवी, बाही आणि हात यांत 10 ते 15 सेंटिमीटर मोकळीक हवी. कोटाचे दोन पदर एकमेकांवर निदान 20 सेंटिमीटर यायला हवेत. पट्ट्याची टोकं गाठीपासून 20 ते 30 सेंटिमीटर. पँट घोट्याच्या हाडापासून 5 सेंटिमीटरपेक्षा वर नको. आत पांढरा, गोल गळ्याचा टी-शर्ट, पँटमध्ये खोचलेला. बाही आखूड निघाली तर दुसरा कोट आणायला मिनिटं हातात असतात. तेव्हा शिंप्याकडे काम द्यायचंच तर पाठीवरच्या नावाची पट्टी शिवायचं दे. चारही बाजूंनी आणि तिरक्या रेषांनीही शिवायला सांग, आत पुठ्ठा किंवा जाड बकरम घालू देऊ नकोस. पकड घेताना त्याची कड समोरच्याच्या बोटाला कापते आणि पंच लढत थांबवतात.